वाटीखाली

पाणी आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दीडला.
टाकी, पिंप, दोन कळशा,
आणि शेवटी मागच्या दारचं
सूत रंगवायचं जुनं घमेलं.
त्याच्या कडेला अजून डाळिंबी डाग आहे.

बाग म्हणायचं आपलं.
शेवगा, सीताफळ, नर निघालेली पपई.
कुंपण नाही. पुढं वेडी बाभूळ,
मग माळ, थेट होटगीकडं.

एकतीस वर्षं मागावर होतो.
चादरीवर मोर विणले, किती ते मोजले नाहीत,
एकही ओरडला नाही.
आता खरा येतो पत्र्यावर,
मान ताणतो, चोच उघडतो,
आणि माझ्याच चादरीवरचा निघतो.

म्हणून राजमणी पक्षी माझ्या मनगटावर वाजवते.
भारद्वाज : दोन बोटं, खोल, सावकाश,
आडात घागर बुडावी तशी.
टिटवी : चार नखं, घाईत.
सातभाई आले की नुसता हात झटकते.
त्यात सांगण्यासारखं काही नसतं, भांडण असतं.

मुंगूस मात्र माझं.
ती सुपावर वाकलेली, हजार विड्यांचा हिशेब बोटांत,
मान वर काढायला सवड नाही.
मी तिच्या पाठीवर एक लांब रेघ ओढतो,
मध्ये थांबतो, पुन्हा ओढतो.
"गेलं?" तिचे ओठ विचारतात.

वैशाखात धामण घमेल्याला वेढा घालून पडली होती.
बिराजदार काठी घेऊन आले.
राजमणी मध्ये उभी राहिली,
तंबाखूचे हात पदराला पुसत.
काय बोलली ते नंतर तिनंच सांगितलं :
"पाण्याला आलंय की ओ. पिऊन जाऊ दे."

परवा, पाण्याच्या रात्री,
पाइप घमेल्यात सोडून पायरीवर बसलो.
खांबावरचा दिवा लागत होता, विझत होता.
एकदा लागला, तर खोकड.
मांजराहून जरा उंच, शेपटीचं टोक काळं,
कान मात्र थोरल्या भावाचे घातलेले.

पिता पिता थांबलं.
दोन्ही कान माझ्याकडं वळवले.

मी हललो नव्हतो. खोकलोही नव्हतो.
माझ्या डोक्यात माग अजून चालू असतात,
खट्टक फट्टक, एका पत्र्याखाली बत्तीस,
तिसरी पाळी कधी सुटतच नाही.
डॉक्टरनं नळी घालून पाहिलं,
त्याला काही सापडलं नाही.

खोकडानं मान कलती केली.
बराच वेळ.
कुणी पत्ता सांगत असावं
आणि आपण नीट ऐकून घ्यावं, तसं.

दिवा गेला. आला.
घमेलं भरून वाहत होतं.

सकाळी चिखलात चार बोटांचा ठसा.
त्यावर वाटी पालथी घातली, तिला दाखवायला.
आधी बिराजदारांनीच उचलली.
"कुत्रं हाय," म्हणाले. एवढं ओठांवरून कळतं.

राजमणी उकिडवी बसली.
पान कापण्याआधी पत्र्याचं माप ठेवून बघते
तसं बघितलं तिनं ठशाकडं.
वाटी परत पालथी घातली.
मग माझ्या मनगटावर एकच बोट टेकवून
थांबली : कसं?

तिलाही ऐकू आलं नव्हतं, झोपेत होती.
मी काही वाजवलं नाही.
तिचा तळवा उलटा केला, खडबडीत, तपकिरी,
आणि त्यावर नुसते दोन कान काढले.
मोठे काढले.

पाण्याला अजून तीन दिवस आहेत.