टेस्टिंगची रेकॉर्ड

मिशनचा दवाखाना बंद पडला, सामानाचा लिलाव झाला,
तेव्हा बापानं रेकॉर्डचा चेंजर घेतला साठ रुपयांत.
सोबत सहा काळ्या तबकड्या फुकट,
आणि एक इनॅमलचं तसराळं, टवका उडालेलं.

एका कव्हरवर धुकं, टेकडी, दोन मेंढ्या.
नाव ऑब्री. पुढचं उंदरानं खाल्लेलं.
जिचकार सरांनी चष्मा पुसून मागचा मजकूर वाचला:
इंग्रज होता. वारला.
याचं संगीत फारसं कोणी वाजवत नाही, असं लिहिलंय.
बाप म्हणाला, मंग आपल्या कामाचा हाय.

आमची पाटी होती, जयदुर्गा साउंड सर्विस,
प्रो. सूर्यभान बोबडे.
आडनाव बोबडे आणि धंदा आवाजाचा,
लोक हसायचे, पण सुपारी आम्हालाच द्यायचे.

टेस्टिंगला सिनेमातलं गाणं लावलं
तर पोरं जमतात, वायरीवर पाय देतात,
हे नको, ते लावा म्हणतात.
आम्हाला तर एवढंच ऐकायचं असे
की भोंगा फाटतो का,
अर्थिंग गुणगुणते का.
ऑब्रीसाठी कोणी जमत नसे.

सुरुवातीला इतकं हळू
की मशीनमधली बारीक घरघरही कळावी.
मग व्हायोलिनं, चाळीस-पन्नास, एकदम,
जिनिंगचा पट्टा सुरू झाल्यावानी, बाप म्हणे.
मग पितळी वाद्यं.
मी तोवर लिंबाच्या फांदीवर,
भोंग्याचं तोंड नाल्याकडे फिरवत.
खालून बाप हात वर करी: बस.
सुई उचलली. पाच मिनिटं.
पुढे सनई, पुढे गाणी, पुढे वरात.

बावीस वर्षं.
लाडखेड, बोरी, लोही, दिग्रसच्या रस्त्यानं जिथवर लग्नं होती तिथवर
ती पाच मिनिटं पोचली.
बायका म्हणत, टेस्टिंग लागलं, वरण चढवा.
आचारी झारा धुवायला घेई.
गावचा गायकी परतेकी
ती पितळी ओळ शिट्टीवर वाजवत ढोरं हाकी
आणि मध्येच थांबे,
बाप सुई उचलायचा, बरोबर तिथं.
त्याला वाटे, ते तिथंच संपतं.
आम्हा सगळ्यांनाच वाटे.

बाप गेला. भोंगे भंगारात गेले, किलोवर.
पुतण्याचा डीजे आहे आता,
त्याला टेस्टिंग लागत नाही, खिडक्या हलल्या की झालं.
तबकडी तेवढी राहिली, तांदळाच्या कोठीमागे.
उजेडात धरली तर
कडेचं बोटभर करडं, झिजून पांढुरकं,
आणि तिथून आत, पार लेबलपर्यंत,
नवीकोरी.

परवा रात्री साडेअकराला लाइट आली.
लोक मोटारी लावायला वावरात गेले.
मी घरातल्या लहान पेटीवर सुई ठेवली.
हळू भाग. पट्टा. पितळ.
हात आपोआप वर गेला,
आणि मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

पुढे काही मोठं घडत नाही.
पितळ बसतं.
सनईच्या नात्यातलं एकच काहीतरी
तीच ओळ घेतं, चाचरत,
जसं कोणी अनोळखी गावात पत्ता विचारावा,
आणि थांबतं.
बाप उचलायचा त्याच्या एक सूर आधी.

मग नुसतं टक. टक. टक.

भिंतीपलीकडून ठवकरांची म्हातारी ओरडली,
टेस्टिंग लागलं का रे?
एवढ्या राती कोनाचं लगन हाय बाप्पा?

कोनाचंच नाही, म्हटलं. झोप.
आणि तबकडी पलटली.