दोन दात तुटलेली फणी

दुधी मातीचा खड्डा आता तारेच्या आत गेलाय,
साळिंदराच्या बिळाशेजारचा.
मोहाची फुलं वेचता वेचता बायका तिथून
टोपलीभर पांढरं घेऊन यायच्या,
कुणाला न विचारता.

सुगिया फुआ, माझी आत्या, भल्या पहाटे आत शिरली
आणि परतताना सापडली.
गार्ड रामसकल. गाव आरा. नवाच होता.
टोपलीत काठी खुपसून म्हणाला, कोळसा नाही ना?
मग हसला. ही तर वरची माती.
कंपनीच्या कागदावर हिचं नाव बोजा.
ही उपसून फेकली की खालचं खरं लागतं.
ने हवी तेवढी.

हवी तेवढी!
फुआ घरी येईपर्यंत तो शब्द चघळत होती,
कच्च्या आवळ्यासारखा.

मनसोचं लग्न सोमवारी.
नवरानवरीच्या खोलीची भिंत आधी काळ्या मातीनं सारवली,
रात्रभर सुकू दिली.
सकाळी तिच्यावर दुधी मातीचा हात
भराभर, कोपरापर्यंत पांढरी होत,
कारण ओली आहे तोवरच भिंत ऐकते.
मग फुआनं कमरेची फणी काढली.

लहानपणी मी विचारलं होतं, नवी का घेत नाहीस?
हजारीबागच्या बाजारात पाच रुपयांना मिळते.
म्हणाली, मग माझे मोर
दुसरीच्या मोरांत हरवतील की.

फणी फिरते, पांढरं बाजूला सरतं,
खालून काळं येतं:
मान. पंख. पोटात अंडं, अंड्यात मासळी.
मासळी तिथं कशी, हे विचारायचं नसतं.
आणि प्रत्येक पिसाऱ्यात
दोन रेघांची जागा रिकामी.

खालचं काळं वर काढायचं, फुआ म्हणाली,
पण डोळ्यापुरतं. शेपटीपुरतं.
उरलेलं राहू दे झाकलेलं, ते भिंतीचं आहे.

दीड वाजता खाणीत सुरुंग उडाला.
पत्रा थरथरला, भिंत थरथरली,
मोराच्या पायाशी एक वाकडी रेघ गेली.
फुआनं अस्सल शिवी हासडली
आणि त्या रेघेला नांगी काढली.

मनसोची आई भडकली. नवरीच्या खोलीत विंचू?
असू दे, फुआ म्हणाली,
या घरात कोण कोण राहतं
ते जावयाला कळायला हवं.

संध्याकाळी शेळी आत घुसली,
ओल्या भिंतीला अंग घासून
मोराचा अर्धा तुरा पाठीवर घेऊन पळाली.
मी धावले तिच्यामागे.
ती तारेखालून सरळ आत गेली,
उपसलेल्या मातीच्या ढिगावर चढली,
जिथं यंदा कुठूनसा
एक पळस उगवलाय, गुडघ्याएवढा,
आणि त्याची पानं खाऊ लागली.

रामसकलनं शिट्टी फुंकली.
मग त्यानं तिची पाठ पाहिली,
आणि शिट्टी तोंडातच राहिली.