छत नसलेल्या घरासाठी फ्लॅश

कुडाळला नेरूरकरांच्या दुकानात
काउंटरवर तीन फ्लॅश, बदकांसारखे माना वळवून.
"हा कंपनीचा. अडतीस हजार. अंतर स्वतः मोजतो,
उजेड स्वतः ठरवतो, तुम्ही फक्त दाबायचं."
अडतीस हजारांत माझी स्कूटर आली होती, सेकंडहँड,
आणि तीही नुसती दाबून चालत नाही.

"मग हा मधला. मान वर करा, छतावर मारा,
उजेड छतावरून खाली येतो, मऊ, सायीसारखा."
मी विचारलं, कुठल्या छतावरून?
सर्जेकोटात मी ज्या घरांत जातो
तिथे वर कौलं. वासे, रिपा, धुराने काळ्या,
मध्येच कुणीतरी खोचून विसरलेली कोयती.
उजेड वर गेला की मांजरासारखा माळ्यावर बसतो,
हाका मारल्या तरी खाली येत नाही.

कॅमेऱ्याच्या टाळूवरचा तो टिचभर फ्लॅश,
त्यानेच काढला होता हरेश्वर खवणेकरचा फोटो
पुतण्याच्या हळदीत.
तोंड पिठासारखं पांढरं, पापण्या मिटायच्या बेतात,
मागे भिंतीवर कोळशाने ओढल्यासारखी सावली.
मी म्हटलं, परत काढू.
तो म्हणाला, "मगे. आधी जेवया."
भाद्रपदात ताप आला. ओरोसला लेप्टो म्हणाले.
चार दिवस.
मतदार कार्डावरचा फोटो त्याचा त्यालाही ओळखू येत नसे,
म्हणून हाच मोठा करायचा ठरला.

मी सावली पुसायला घेतली
तर शेवंती खुर्चीमागून म्हणाली,
"ती रवांदे. माणूस होतो म्हणान पडली."
तशीच गेली ती फ्रेममध्ये.

आता रविवारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा.
शेवंतीची एकच अट, सगळे फोटो त्या भिंतीसमोर.
"बापूस मागे दिसाक होयो."
आणि फ्रेमला काच.
समोरून फ्लॅश मारला की काचेवर पांढरा ठिपका,
नेमका त्याच्या तोंडावर.
गेल्या गणपतीत तसंच झालं: पाच जण हसतायत
आणि मागे चौकटीत नुसता भडका.

तेव्हा नेरूरकर, ताकद सांगू नका,
किती मीटर जातो ते सांगू नका,
आमची खोली दहा पावलांत संपते.
मला कॅमेऱ्यापासून सुटणारा हवा,
दाराआड वेगळा उभा राहणारा, तिरका बघणारा,
इथे दाबलं की तिथे पेटणारा.

तिसरा. पाच हजार दोनशे, ट्रिगर धरून.
सगळं हाताने लावायचं, आकडे, मान, अंतर.
वॉरंटी सहा महिने,
"पण खाऱ्या वाऱ्याची नाही हां," ते म्हणाले,
"सेल आत ठेवलेत तर पितळ हिरवं पडेल."

रविवारी पापलेटच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण
साबणाने दोनदा धुतलं, तरी वास होता तो होताच.
चुलतभाऊ ते धरून कोपऱ्यात,
फ्लॅशचं तोंड झाकणाकडे,
आणि अबोलीचा वळेसर माळलेली नवरी नाक मुरडून हसली.
दिवसभरातला तोच एक सरळ फोटो.

काच कोरी.
हरेश्वर स्वच्छ, पिठाच्या तोंडाचा,
आत्ता पापणी मिटेल असा.
झाकणावरून आलेल्या त्या उजेडात
कुणाच्याच मागे दिसण्याजोगी सावली नाही,
चौकटीतल्या त्या एकट्याच्या सोडून.

शेवंतीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं.
बराच वेळ. मग पदराने पडदाच पुसला.
"जेवलंस काय?" तिने विचारलं.
मी म्हटलं, येतो,
आणि आधी सेल काढले.