शेऱ्याचा रकाना

दहिसर नाक्यावर सत्तावीस वर्षं
दुसऱ्यांच्या अंड्यांचे ट्रक मोजले.
जकात उठली. वही उठली नाही.
आता चारकोप गावठाणात, विहिरीमागे
अकरा कोंबड्या, अकरा ओळी,
रकाने तेच जुने:
खाद्य. पाणी. अंडी. शेरा.

डोईमागे एकशे दहा ग्रॅम.
नुसत्या चुरीवर भागत नाही; मका, सोयापेंड,
मूठभर जवळा, तोही बेताने,
नाहीतर सालीनच्या नवऱ्याला
ऑम्लेटात खाडी लागते.
शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत, दुपारी चारनंतर,
कारण कवच रात्री घडतं.
आपण झोपतो
आणि आत, अंधारात, चुन्याचं काम चालू असतं.

श्रावणात हगवण शिरली.
औषधाचे पाच दिवस, वर सात,
बारा दिवसांची अंडी बाद. खड्डा खणून पुरली.
नाक्यावरचा शब्द आठवला, लिहिला: जप्त.
कुणाकडून, ते लिहिलं नाही.

त्याच महिन्यात हेमांगी शताब्दीत होती.
सलाइनच्या नळीतून
तिलाही तेच, वेगळ्या नावाचं.
सतरा दिवस दह्याचं भांडं
फडताळात पालथं.

बंदी उठल्यावरचं पहिलं अंडं बिनकवचाचं.
तळहातावर घेतलं तर
पाण्याच्या फुग्यासारखं थरथरलं.
मी पुरुषमाणूस, मला ते कसं धरायचं कळेना.

गोरेगावहून शेर्लेकर मॅडम आल्या.
म्हणाल्या, औषधाने आतले चोर मेले,
पण भाडेकरूही गेले की हो.
चाळ पुन्हा वसवायला लागेल.
आणि पर्समधून पुडी काढली,
लिटरला एक ग्रॅम,
चार तासांत संपेल एवढंच पाणी.
नळाचं थेट नको,
क्लोरीनमध्ये हे जीव टिकत नाहीत.

म्हणून ज्या पालिकेचा पगार घेतला
तिचंच पाणी रात्रभर
उघड्या बादलीत ठेवतो,
तिचा राग उतरेपर्यंत.

पूर्वी कुठे होत्या पुड्या? मी विचारलं.
पूर्वी आई असायची, मॅडम म्हणाल्या.
पिल्लू तिच्यामागे उकिरडा टोचायचं,
तिची शीटसुद्धा,
आणि तेवढ्यात पोटातली वस्ती हातची हाती मिळायची.
या मशीनमधून निघाल्या, ट्रेमधून आल्या.
यांना कुणी
उष्टं दिलेलं नाही.

हेमांगी घरी आली, बेचाळीस किलो,
आवाज मात्र आधीचाच.
डॉक्टरांनी तिलाही पुडी दिली होती, संत्र्याच्या चवीची.
ती तिने खिडकीत ठेवली, म्हणाली,
सालीनकडून विरजण आणा.
झाकून आणा. वाटेत थांबू नका.

सालीनने चमचाभर घातलं, वर बशी ठेवली.
मी म्हटलं, उद्या परत करतो.
ती हसली. परत काय करता, हे तुमचंच.
होळीला आमचं दही नासलं,
तेव्हा वहिनींकडून मीच नेलं होतं.

दोन्ही हातांत वाटी धरून
मी गल्लीतून आलो,
रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी
हललो नाही.

नवव्या दिवशी सात अंडी.
नखाने वाजवून पाहिली: टक्.
लाल पायाची अजून कोपऱ्यात बसून,
पिसं फुगवून, चोच मिटून,
माझ्याकडे जकात चुकवल्यासारखी बघते.

संध्याकाळी वही उघडली
तर माझ्याआधी कुणीतरी लिहिलेलं.
हेमांगीचं तिरकं अक्षर,
औषधानंतर जरा कापरं:
लाल पायवालीला ताक द्या, निवळ नको, खालचं.

आणि त्याखाली, अकरा संपल्यावर,
पट्टी न धरता आखलेली
बारावी ओळ.
तिथे माझं नाव.
खाद्याच्या रकान्यात: दुपारी काहीच नाही.
शेरा:
हाक मारली तरी येत नाही.