नावाआधी, नावाखाली

फ्लेक्सवर माझं नाव माझ्याहून लांब झालं होतं.
नावाआधी ते अक्षर, टिंबासकट,
जे अजून माझं नव्हतं.
प्रबंध दोन परीक्षकांकडे पडून;
त्यातले एक आजारी.
सरपंच मोंडकर म्हणाले, "असांदे गो,
आज नाय तर शिमग्यापर्यंत होतलंसच.
आणि छापून झाला, साडेसातशे गेले."

हसून सोडून दिलं असतं.
तसं आधी एकदा सोडलं होतं.

पहिल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर चिखलात
मी चौकट टाकून कालवं मोजत होते
आणि सत्यवती कोयंडे कोयतीने ती फोडत होती.
"डाक्टरीणबाय," म्हणाली, "गुडघो गेलो माझो,
एखादी गोळी दी मगे."
मी पिशवीतून मलमाची डबी दिली.
दुरुस्ती केली नाही.
खरं सांगू, कानाला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी शिंपीची धार तिच्या बोटात गेली.
मी रत्नागिरीला होते, नमुने वाळवत.
आरोग्यकेंद्र तीन किलोमीटरवर.
"तू शनवारी येतलंस म्हणान थांबलंय."
बोट वाचलं.
पेर नाही.

म्हणून आज नमुन्यांच्या बाटल्यांना लावतात ती
पांढरी चिकटपट्टी मी त्या अक्षरावर लावली,
स्टुलावर चढून, पोरं बघत असताना.
पट्टीवर आधीच लिहिलेलं होतं: ठिकाण ४, सुकती.
राहू दिलं.

पण तो सोपा भाग.

करारात चौथ्या पानावर एक कलम आहे:
प्रत्येक सादरीकरणात बोधचिन्ह, डावीकडे, ठळक.
शोधनिबंधात मी आभार मानलेत,
इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत,
जिथे वाचणारा चष्मा काढून ठेवतो.
आणि या गावासाठी केलेल्या पडद्यावरच्या चित्रांत
ते अगदी शेवटी ठेवलंय,
चहाचा वास येतो, खुर्च्या सरकतात, तेव्हा.

कारण प्रतिष्ठान ज्या कंपनीचं,
तिलाच खाडीच्या तोंडाशी जेटी हवी आहे.
आणि माझे आकडे म्हणतात
की बार्जांची ये-जा सुरू झाल्यावरही
कालवं कमी झालेली नाहीत.
आकडे खरे आहेत.
मीच मोजलेत, उन्हात, पाठ सोलवटून.
पण खऱ्या आकड्याच्या पाठीवरही
पैशाचा हात असला, तर तो हात
आधी दाखवायचा की नंतर?
आधी दाखवला तर पुढचं कोण ऐकणार?
नंतर दाखवला तर
ऐकलेलं सगळं परत घेतील,
आणि ते त्यांचंच बरोबर असेल.

समाजमंदिरात पंखा एकच, तोही पुढच्या रांगेवर.
मी शेवटचं चित्र पहिलं लावलं.
म्हटलं, मी डॉक्टर नाही, अजून.
झाले तरी बोटं शिवणारी होणार नाही.
तीन वर्षं माझा पगार, बाबल्याच्या होडीचं भाडं,
हा पडदा, बाहेर उकळतोय तो चहासुद्धा
या डावीकडच्या चिन्हाने दिलाय,
आणि हे चिन्ह कोणाचं, ते तुम्ही ओळखता.
आता आकडे सांगते.

मागून दोघे उठून गेले.
चपला घालताना एकाने काहीतरी म्हटलं,
मला ऐकू आलं, इथे लिहीत नाही.
सरपंच छताकडे बघत होते.

मग सत्यवती बसल्या जागेवरून,
त्या आखूड बोटाने पडद्याकडे दाखवत:
"मगे तीन वर्सां कित्याक सांगूक नाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते
चौथ्या पानावर नव्हतं,
कुठल्याच पानावर नव्हतं.
"चूक झाली," एवढंच म्हणाले.

ती थोडा वेळ गप्प.
"तुझे आकडे तुझ्याकडे ठेव.
फाल्या सुकतीक आमच्यावांगडा मोज.
आमी बोलतलों, तू लिव."

चहा झाला. आकडे कुणी विचारले नाहीत.
फ्लेक्स उतरवताना पट्टी निघाली नाही.

उद्याची सुकती पहाटे पाच-दहाला आहे.
वहीच्या नव्या पानावर, वर, तारखेच्याही आधी
मी पैसे कोणाचे ते लिहिलं,
आणि त्याखाली मोजणाऱ्यांची नावं:
सत्यवती कोयंडे, पहिली.
माझं नाव, नुसतं.