व्यवसायाचा रकाना

सेलूच्या मंगल कार्यालयात
बियाणे विक्रेत्यांचा मेळावा.
बक्षीस वाटप आणि जेवण, यांच्या मधे मी.
पुण्यात हमखास चालणारा पार्किंगचा जोक;
इथं बाहेर अख्खं मैदान मोकळं.
मागून एक जण उठला. वाटलं, दाद.
तो वाढपी. "मठ्ठा सुरू करू का?"
पुढच्या रांगेतून कुणीतरी,
"कोण्या गावचं हाय रे हे लेकरू?"
हशा झाला तो तेवढाच, आणि त्याचा.

पाकिटात ठरल्याच्या निम्मे. वर शाल, नारळ.
नारळ आता उद्या लातूर, परवा उदगीर,
बॅगेत माझ्याबरोबर गडगडणार.

रात्री दीड. परभणीचा लॉज.
गव्हाणे मॅनेजर रजिस्टर सरकवतात.
व्यवसाय :
मी लिहितो, विनोद.
ते चष्मा कपाळावर नेतात.
"नाव वरच्या रकान्यात, भाऊ. इथं धंदा."
मी थांबतो,
सवयीनं, हशापुरती जागा सोडून.
ते खोडतात. वळणदार अक्षरात लिहितात,
फिरता विक्रेता.
मग किल्ली ठेवत, चेहरा तसाच कोरा,
"गरम पाणी सहा ते सव्वासहा."

काय टायमिंग माणसाचं.
जिन्यात बसून
मी एकटाच हसत सुटतो.