सहावी पिशवी

नियम असा:
मैदानातली पाच ठिकाणं ठरवायची,
दहा सेंटिमीटर खोल नळी घालायची,
पाचही ठिकाणची माती एका बादलीत ओतून ढवळायची
आणि मूठभर पिशवीत भरायची.
म्हणजे सरासरी निघते.
सरासरीला गुडघे नसतात.
ती रांगत नाही,
बोटं चोखत नाही.

मार्च संपत आलाय. सायलेशियातलं गवत
उगवावं की नाही या विचारात.
भट्टी बंद पडून बत्तीस वर्षं झाली,
धुराडं तेवढं उभं आहे,
टोकावर करकोच्याचं रिकामं घरटं घेऊन.
पालिकेचे झेनोनसाहेब कुंपणाला टेकून
थर्मासमधला चहा पितात.
"पाच ठिकाणं, हाल्श्का. घोळ नको.
जूनमध्ये नव्या घसरगुंडीचं उद्घाटन आहे."

लिंडनखालची घेतली. बाकाजवळची. फाटकापाशी,
नळाशेजारी, आणि चेंडू अडतो त्या भिंतीच्या कडेची.
पाच झाली.

झोपाळ्याखाली खळगा आहे.
नियमात खळगा नाही.
पाय घासून घासून आधी गवत गेलं,
मग वाळू,
मग पालिकेने कधीतरी ट्रकने आणून पसरलेली चांगली माती,
आणि आता तिथे जे उघडं पडलंय
काळपट, किंचित चकाकणारं,
ते मी ओळखते.
बाबांच्या बुटांच्या शिवणीत असायचं ते.
आई बूट उंबऱ्याबाहेर आपटायची
आणि आम्ही उंबऱ्याबाहेर खेळायचो.

व्हितेक, माझा भाऊ, माती खायचा.
सगळीच पोरं खातात, म्हणायचे शेजारी.
शाळेत त्याच्या हाताला अक्षरं लागायची नाहीत,
लागली तरी संध्याकाळपर्यंत सांडायची.
जड डोक्याचा आहे, बाई म्हणायच्या.
बाईंना माहीत नव्हतं
त्या किती अचूक बोलताहेत.
पुढे मोठेपणी तो काहीही चुकला
की लोक हसून म्हणायचे, खाल्लीस ना माती?
आणि तो मान डोलवायचा. हो. खाल्ली.

"काय शोधतेस?"
झोपाळ्यावर पोटावर आडवा पडलेला एक मुलगा. इग्नाश.
"शिसं."
"पेन्सिलीतलं?"
"शिसपेन्सिलीत शिसं नसतं रे. नुसतं नाव असतं."
"मग इथे?"
"इथे उलटं."

मी नळी खळग्यात घातली.
झेनोनसाहेबांनी झाकण लावलं थर्मासला.
"सहावीचे पैसे कोण देणार?"
"मी."
"मला विचारतील."
"माझं नाव सांगा."
ते धुराड्याकडे बघत राहिले.
त्यांचेही वडील तिथेच होते, दुसऱ्या पाळीला.

ओल्या हवेत शाई फुटते.
म्हणून पिशवीवरची चिठ्ठी आम्ही शिसपेन्सिलीनेच लिहितो:
झोपाळा. बादलीत मिसळलेली नाही.

निकाल तीन आठवड्यांनी.
तोवर काय, हे नियमात नाही,
म्हणून मी झोपाळ्याच्या साखळ्या वरच्या दांड्याला गुंडाळत गेले,
फळी इग्नाशच्या हाताबाहेर जाईपर्यंत.
बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं.
त्याने हात धुतले, निरखून पाहिले,
आणि विजारीला पुसले.
"खाली कधी येणार तो?"
माझ्याकडे आकडा नव्हता.

रात्री घरी आले.
एक बूट काढला, उंबऱ्याबाहेर धरला,
आपटायला हात वर गेला
आणि तिथेच राहिला.
जिन्यातला दिवा आपोआप विझला,
मी अजून
बूट हातात घेऊन.